उन्हाचा वाटा

चंद्रपूरच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात कपडे वाळत घालायचं काम दोरी पुसण्यापासून सुरू होतं. ओलं फडकं मुठीत धरून दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचं, फडकं उलटवायचं आणि परत यायचं. दुसऱ्या फेरीतही त्यावर काळा पट्टा उमटतोच. मग कपडे झटकायचे, उलटे करायचे, पांढरं काही असेल तर मधल्या दोरीवर घालायचं आणि दोन्ही बाजूंना जुन्या चादरींचा आडोसा करायचा. अमरावती-यवतमाळहून आलेल्या नव्या सुनेला ही रीत कोणी बसवून शिकवत नाही. एखादा पांढरा कुडता ते काम करतो.

याच जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो. सुती साडी अर्ध्या तासात कडक होते, तास-दोन तास विसरली तर रंग उतरतो. कपडे वाळवायला निसर्गाने इतकी सोय क्वचित कुठे केली असेल. तरीही इथल्या बाया उन्हाशी सरळ व्यवहार करत नाहीत. कोणता कपडा कुठे, किती वेळ, कोणाच्या नजरेसमोर घालायचा याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सतत चालू असतो.

पहिला हिशेब धुळीचा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. भोवती कोळशाच्या खाणी, रस्त्याने आणि रुळाने सतत चालणारी कोळशाची वाहतूक. आपल्या देशी कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. बहुतेक राख यंत्रणा पकडते, पण जाळण्याचं प्रमाणच इतकं मोठं की उरलेला अंशही थोडा नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथं आलं. पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. १३ जानेवारी २०१० रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अशा गंभीर प्रदूषित पट्ट्यांत नव्या उद्योगांच्या मंजुऱ्या काही काळ थांबवल्या. गुणांचे आकडे नंतर खालीवर झाले. दोरी पुसणं थांबलं नाही.

यात एक गोम आहे. दोरीवरच्या फडक्याला लागते ती जाड धूळ. फुप्फुसात खोल जाणारे अडीच मायक्रॉनचे कण असे वेगळे डोळ्यांना दिसतही नाहीत. कपडा स्वच्छ राहिला म्हणजे हवा स्वच्छ होती असं मानायला जागा नाही. पण घरातल्या बाईच्या हातात मोजायला दुसरं साधनही नाही.

धुळीचे रंग तालुक्यागणिक बदलतात. घुग्घूस-माजरीकडे काळी. राजुरा-कोरपना भागात, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांच्या आसपास, राखाडी. ती ओल्या कपड्यावर बसली की झटकून जात नाही, परत पिळून काढावं लागतं. आणि शेजारच्या गडचिरोलीत, सूरजागडच्या पहाडावरून लोहखनिजाचे ट्रक मोठ्या संख्येने धावू लागल्यापासून एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यावरच्या गावांत तांबडी. रस्त्याकाठच्या घरांनी वलण्या मागच्या सांदवाडीत नेल्या. ज्यांना मागे जागा नाही, ते ट्रकांची वर्दळ कमी असेल ती वेळ शोधतात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि पूर्वेचा, जवळजवळ तीन चतुर्थांश जंगल असलेला भाग गडचिरोली झाला. इथे दुसरा हिशेब सुरू होतो, आंगणाचा. उन्हाळ्यात गावातलं ऊन हे कमाईचं साधन असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आंगणभर पसरलेली. मेमध्ये तेंदूपत्त्याच्या सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, रांगेने वाळत घातलेले. शिवाय मिरच्या, कुरड्या, चिंच. हिवाळ्यात धान. कपड्यांना आंगणाचा मधला भाग मिळतच नाही. त्यांच्या वाट्याला कडा येते, म्हणजे कुंपण.

आणि कुंपणाला चिमटा लागत नाही. काटेरी फांद्यांचं असेल तर काटाच कपडा धरतो. फक्त काढताना घाई करायची नाही, उलट्या दिशेने उचलायचा. वेळूच्या तट्ट्याचं असेल तर कपडा त्यावर नुसता टाकला तरी बसतो. दोन दुबेळक्यांवर ठेवलेल्या आडव्या बांबूचंही तसंच. मनगटाएवढ्या जाड बांबूवर ओल्या कपड्याची पकड भरपूर बसते, वाऱ्याला तो सहज ओढून नेता येत नाही. बाजारातल्या चिमट्याचा जबडा मुळात त्या बांबूवर उघडणारच नाही. चिमट्याची गरज निर्माण केली ती बारीक, गुळगुळीत नायलॉनच्या दोरीने आणि सिमेंटच्या गच्चीवरच्या मोकळ्या वाऱ्याने. म्हणून कवेलूचं घर जाऊन स्लॅब पडला की त्या घरात चिमट्याचं पहिलं पाकीट येतं.

बांबूच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. वलणीचा बांबू गावाला सहज मिळत होता असं नाही. या जंगलांतला बांबू दशकानुदशकं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला, आणि गावकऱ्याला कुंपणापुरता आणायचा तरी वनखात्याकडे बघावं लागे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याचा आधार घेतला आणि २७ एप्रिल २०११ रोजी त्या गावच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. तो लढा कपडे वाळवायच्या दांडीसाठी नव्हता हे उघड आहे, पण ती दांडीही त्यातच आली.

चिमट्याशिवाय दोरी वापरण्याची सर्वांत नामी युक्ती परिटांची, म्हणजे विदर्भातल्या वरठ्यांची. दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणायच्या आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचायचं. वारा सुटला तरी पीळ सोडत नाही, चिमट्याचा वण नाही, गंजाचा डाग नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर हीच पद्धत दिसते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातींवरचे चार खंड प्रसिद्ध केले, त्यात वरठी हे नाव धोबी-परीट यांच्या जोडीने येतं. लग्नात पायघड्या घालण्याचा मान परिटाचा. शेंडगावच्या परीट घरात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांना महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखतो. अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन त्यांनी गावं झाडली.

वरठ्यांची दुसरी खूण याच जंगलातली: बिब्बा. गावभरचे कपडे एकत्र धुवायचे तर कोणतं धोतर कोणाचं हे कळायला हवं. बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यात टिंब-रेघा काढायच्या, वर चुना लावायचा; काळा डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मात्र या खुणेने छळलं. गणवेशावर धोब्याची खूण जिथे असे, बरोबर तिथेच कातडीवर पुरळ उठे. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात हा प्रकार नोंदवला. त्यांच्याकडच्या पॉयझन आयव्ही या वेलीतलं द्रव्य आणि बिब्ब्यातलं द्रव्य एकाच कुळातलं. ज्यांना त्या वेलीची बाधा आधीच झालेली होती, त्यांना बिब्बा सोडणार थोडाच!

आता चिमटा. त्याचा उगम अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. स्प्रिंगफील्ड गावच्या डेव्हिड स्मिथ यांनी १८५३ साली लाकडाच्या दोन पट्ट्या स्प्रिंगने जोडलेल्या चिमट्याचं पेटंट घेतलं; १८८७ मध्ये त्याच राज्यातल्या सोलोन मूर यांनी तारेच्या वेटोळ्याची स्प्रिंग बसवली. आज आपल्या दोरीवर जो चिमटा आहे तो तोच, फक्त लाकडाच्या जागी प्लास्टिक. त्याच राज्याच्या राजधानीतल्या, माँटपेलियरच्या, कारखान्यातून शेवटचा चिमटा २००९ मध्ये बाहेर पडला. तोवर अशा वस्तू स्वस्तात इतरत्र बनू लागल्या होत्या आणि आठवडी बाजारातल्या प्लास्टिकच्या दुकानात डझनाच्या पाकिटात येऊन बसल्या होत्या.

तो चिमटा दोरीवर तसाच सोडायचा की काढून ठेवायचा, यावर घराघरांत दोन पक्ष असतात. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत सोडला तर फारसं बिघडत नाही. चंद्रपुरात बिघडतं. पहिलं म्हणजे ऊन. स्वस्त चिमटा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि हे प्लास्टिक अतिनील किरणांना फार कच्चं. मार्चमध्ये घेतलेला निळा चिमटा जूनपर्यंत फिकट होतो, वर पिठूळ थर येतो आणि एक दिवस दाबताना त्याचा कान बोटांत तुटून येतो. ज्यांनी चिमटे रोज काढून सावलीत ठेवले, त्यांचे दोन-तीन वर्षं जातात. दुसरं, पावसाळा. स्प्रिंग गंजते आणि ओल्या कपड्यावर तांबूस डाग सोडते. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं तर डाग बराच जातो, पण त्यासाठी पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं? तिसरं, आणि इथलं खास: धूळ. चिमट्याच्या जबड्यातल्या खाचांत ती साचते, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन काळ्या रेघा उमटतात. दोरी पुसली, सदरा उलटा केला, आडोसा धरला, तरी चिमट्याने घात केलाच. म्हणून इथल्या चिकित्सक घरांत चिमटे अधूनमधून साबणाच्या पाण्यात धुतात. कपडे वाळवण्याच्या साधनालाच धुणं, हे नागपूरच्या पाहुण्यांना थट्टेचं वाटतं. वाटू दे.

ठेवायची जागा घरागणिक वेगळी. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनची मान तिरपी कापून, कडी शाबूत ठेवून केलेली परडी सर्वांत टिकाऊ. ती दोरीलाच अडकवून सरकवत नेता येते. तळाला तापवलेल्या खिळ्याने चार भोकं पाडली की पाणी साचत नाही. आइस्क्रीमचा डबा, डालड्याचा जुना पिवळा डबा, जुन्या पँटचा पाय शिवून केलेली पिशवी, सगळं चालतं. झाकण मात्र लावू नये, आत कोंडलेल्या दमट हवेने स्प्रिंग गंजते. सगळ्यांत वाईट जागा खिडकीच्या लोखंडी गजांवर ओळीने. नेमकी तीच सर्वांना आवडते.

पावसाळ्यात हे सगळे बेत बुडतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा वलणी चुलीवर येते. छपराच्या आतून टांगलेल्या दांडीवर कपडे, खाली मंद आच. वाळतात, पण धुराचा वास अंगात भिनतो. शाळेत मास्तरांना पोरगं कोणत्या घरचं हे नाही, तरी कोणत्या लाकडाच्या चुलीचं हे कळावं इतका.

संध्याकाळचा नियम मात्र बारमाही: "कपडे काढून घे व माय, दिवेलागण झाली." लहान बाळाची दुपटी-लंगोट तर अंधारात बाहेर राहूच नयेत, रातपाखराची सावली पडते असं म्हणतात. या समजुतीला हसण्याआधी हे लक्षात घ्यावं की दव पडलं की वाळलेलं दुपटं परत दमट होतं, आणि ताडोबाच्या अवतीभोवतीच्या गावांत अंधारात सांदवाडीत वाकून उभं राहणं हा बिबट्याला दिलेला मोका असतो. पाखरू खरं असो नसो, वेळ बरोबर आहे.

तिसरा हिशेब नजरेचा. तो सर्वांत जुना आणि सर्वांत नुकसानीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुली-बाया पाळीत कापड वापरत असल्याचं दिसलं. कापड वाईट नाही. धुऊन कडक उन्हात वाळलं तर ते चांगलंच. पण ते उन्हात जात नाही. ते न्हाणीच्या कोपऱ्यात, गंजीमागे, दुसऱ्या साडीच्या पदराखाली, अर्धओलं घडी होऊन ठेवलं जातं. माडिया आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात राहते. गावाच्या कडेला, पुष्कळदा नीट छप्परही नसलेली झोपडी. अलीकडे काही गावांत त्या जागी पक्क्या भिंती, पाणी आणि संडास असलेल्या खोल्या बांधल्या गेल्या. प्रथा तशीच ठेवून सोय सुधारायची की प्रथाच मोडायची, यावर कार्यकर्त्यांत दुमत आहे. मला पहिली बाजू पटते, कारण पावसात भिजणारी बाई वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाही.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले: ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. वाळवण्याच्या सवयीवर तो अभ्यास नव्हता. पण जो त्रास बाई बोलूनही दाखवत नाही, त्याचं कापड ती दोरीवर कसं घालेल?

गावातली आशाताई म्हणूनच सांगत फिरते की पाळीचं कापड उन्हात घाला. तिच्याकडे दुसरी सूचना असते, आणि ती नेमकी उलट आहे. गडचिरोली हा राज्यातला हिवतापाचा जिल्हा. इथे सरकारकडून औषध भिनवलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जातात. वीस धुण्यांपर्यंत, साधारण तीन वर्षं, त्यांनी काम द्यावं अशी अपेक्षा असते. पण उन्हाने त्यातलं औषध कमकुवत होतं. म्हणून मच्छरदाणी सौम्य साबणाने धुवायची आणि सावलीत वाळवायची.

प्रत्यक्षात मच्छरदाणी ही घरातली सर्वांत मोठी, सर्वांत निर्लेप वस्तू. तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. तेव्हा धुतली की ती आंगणासमोरच्या कुंपणावर, भर दुपारच्या उन्हात, चारी कोपरे ताणून पसरली जाते. आणि आडोसा हवा म्हणून तिच्याखाली पाळीचं कापड सरकवलं जातं. आशाताईने सांगितलेल्या दोन्ही जागा बरोबर उलट झालेल्या. ती दोन्ही उचलून अदलाबदल करू शकते. पण कुंपण रस्त्याला लागून आहे, आणि रस्त्यावरून घरचे पुरुष यायची वेळ झालेली असते.