पडलेल्याला आधी उचला : पंक-हार्डकोरचा कार्यक्रम कसा चालतो

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकाने मला विचारलं, की या संगीतावर व्याख्यान कशाला? ते कानात बोळे घालून ऐकायचं असतं! (हशा) कानातल्या बोळ्यांवर मी बोलणारच आहे, कारण तो मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. पण त्याआधी एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. छोटा हॉल, आत दोनेकशे तरुण मुलं-मुली. पुढची मुलं एकमेकांवर आदळतायत, कोणी स्टेजवरून गर्दीत उडी मारतंय, गायकाच्या हातातला माइक तिसऱ्याच्याच तोंडाशी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, इथे कसलाच नियम नाही. आज मला एवढंच समजावून सांगायचंय, की तिथे नियम भरपूर असतात, ते तिथल्या पोरांनी स्वतः केलेले असतात, आणि ते मोडले की त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते.

आधी शब्द समजून घेऊ. पंक हे संगीत १९७०च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये आकाराला आलं. वाद्यावर हुकमत येईपर्यंत थांबू नका, दोन-तीन कॉर्ड येतात ना, मग बँड काढा, अशी त्यामागची वृत्ती. १९८०च्या आसपास अमेरिकेत त्याची जास्त तापट शाखा निघाली, ती हार्डकोर. वेग वाढला, गाणी आखूड झाली. वॉशिंग्टनच्या ‘मायनर थ्रेट’ या बँडचं ‘स्ट्रेट एज’ हे गाणं ४६ सेकंदांचं आहे. १९८१ सालच्या त्यांच्या पहिल्या छोट्या रेकॉर्डवर आठ गाणी आहेत आणि ती सगळी दहा मिनिटांच्या आत संपतात. त्याच शहरातला ‘बॅड ब्रेन्स’ हा कृष्णवर्णीय तरुणांचा बँड. ते आधी जॅझ-फ्यूजन वाजवायचे. ‘वाजवता येत नाही म्हणून ओरडतात’ हा समज त्यांचं एक गाणं ऐकलं तरी गळून पडतो.

आता कार्यक्रमाची रचना बघा. एका संध्याकाळी चार-पाच बँड. प्रत्येकाला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका ज्यांनी भरत नाट्य मंदिरात बसून पाहिल्यात, त्यांना हे लगेच कळेल. एक संघ उतरतो, मोजक्या मिनिटांत दुसरा चढतो, आणि प्रेक्षकांतली निम्मी मंडळी कुठल्या ना कुठल्या संघातली असतात. इथेही तसंच. आत्ता ड्रम वाजवणारा मुलगा दहा मिनिटांनी तुमच्या शेजारी उभा राहून दुसऱ्या बँडचं गाणं गात असतो. ड्रमचा संच आणि अँप पुष्कळदा सामायिक असतात, म्हणजे चढ-उतार लवकर होते. फरक एवढाच, की इथे परीक्षक नाहीत आणि करंडकही नाही.

सहसा गावातला नवा बँड आधी वाजवतो आणि बाहेरगावचा नंतर. पाहुणे व्हॅन चालवत लांबून आलेले असतात. त्यांच्या पेट्रोलचे पैसे निघावेत म्हणून स्थानिक बँड बऱ्याचदा आपला वाटा सोडून देतात. मागे एका टेबलावर टी-शर्ट, रेकॉर्ड आणि हाताने जुळवून झेरॉक्स केलेली छोटी मासिकं असतात. त्या विक्रीवर पुढच्या गावापर्यंतचा प्रवास चालतो. म्हणून पहिल्या बँडपासून हजर राहणं हा तिथला शिष्टाचार आहे. आज पहिला वाजवणारा बँड चार लोकांसमोर वाजला, तर तो पुढच्या महिन्यात असेलच असं नाही.

आता दारापाशी येऊ, कारण सगळ्यात मोठी लढाई तिथे झालेली आहे. अमेरिकेत संगीताचे बहुतेक क्लब दारूच्या विक्रीवर चालायचे, आणि दारू विकणाऱ्या जागी अल्पवयीन मुलांना आत घेणं कायद्याने अवघड होतं. पण हार्डकोर वाजवणारी आणि ऐकणारी मुलं बहुतांशी शाळकरी वयाची होती. म्हणजे ज्यांचं संगीत, त्यांनाच दार बंद. १९८० साली वॉशिंग्टनचा ‘टीन आयडल्स’ हा बँड कॅलिफोर्नियाला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्समध्ये लहान वयाच्या मुलांच्या हातावर मार्करने मोठी फुली मारून त्यांना आत घेत होते. फुली दिसली की दारू द्यायची नाही, एवढा साधा उपाय. त्यांनी तो परत आणून वॉशिंग्टनच्या नाइन-थर्टी क्लबला सुचवला. पुढे तीच फुली दारू आणि नशा नाकारणाऱ्यांची खूण झाली; त्या भूमिकेला ‘स्ट्रेट एज’ हे नाव मघाच्या ४६ सेकंदांच्या गाण्यावरून मिळालं. अपमानाची खूण मुलांनी अभिमानाची करून टाकली, बघा.

टीन आयडल्स त्याच वर्षी मोडला. साठवलेले पैसे वाटून घेण्याऐवजी मुलांनी त्यातून आपली रेकॉर्ड काढली आणि त्यासाठी ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी सुरू केली. त्यातल्या इयन मॅकाय यांनी पुढे मायनर थ्रेट आणि नंतर ‘फुगाझी’ या बँडमध्ये काम केलं. फुगाझीने वर्षानुवर्षं दोन अटी लावल्या. कार्यक्रम सर्व वयांसाठी खुला हवा, आणि तिकीट पाच डॉलरच्या आसपासच हवं. गर्दीत कोणी दांडगाई केली तर ते गाणं मध्येच थांबवत, समज देत, आणि तरी ऐकलं नाही तर पाच डॉलर परत करून त्याला बाहेर काढत. पैसे परत देण्यातली खोच लक्षात घ्या : तुझं आमच्याकडे काही देणं उरलं नाही, आता इथे थांबायचा हक्कही उरला नाही.

हे एका बँडपुरतं झालं. पण एखादी जागाच अशी चालवता येईल का? याचं उत्तर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं ९२४, गिल्मन स्ट्रीट. वेताच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या दुकानाला लागून असलेल्या गोदामवजा जागेत ३१ डिसेंबर १९८६ला तिथला पहिला कार्यक्रम झाला. ‘मॅक्झिमम रॉकनरोल’ या पंक मासिकाचे टिम योहानन त्यामागे होते. पद्धत अशी : आधी नाममात्र पैसे भरून सभासद-कार्ड घ्यायचं. सभासदाला बैठकीत बोलता येतं, मत देता येतं. दारावर पैसे घेणं, आवाजाची जुळणी, झाडलोट, सगळं स्वयंसेवक करतात. भिंतीवर नियम रंगवलेले : दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, स्त्रियांना किंवा समलिंगी माणसांना हिणवणं नाही. आपल्या गावातलं गणेशोत्सव मंडळ किंवा वाचनालय कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर चालतं, तसंच हे. आणि तशीच दमछाकही होते. १९८८ साली हे केंद्र बंद पडलं, मग दुसऱ्या कार्यकर्त्यांनी ते पुन्हा उघडलं.

‘ग्रीन डे’ हा जगप्रसिद्ध बँड याच जागेत वाढला. त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केला आणि गिल्मनचं दार त्यांना बंद झालं, कारण मोठ्या कंपन्यांचे बँड इथे वाजवणार नाहीत हाही तिथला नियम होता. २०१५मध्ये ते एका मदत-कार्यक्रमासाठी तिथे परत वाजले. नियम बरोबर की चूक, यावर भांडता येईल. पण तो पाळताना आपलं-परकं पाहिलं नाही, हे खरं.

आता पिटमध्ये जाऊ. पिट म्हणजे स्टेजसमोरची ती आदळआपट करणारी जागा. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हेवी मेटल कार्यक्रमांचे व्हिडिओ तपासून २०१३ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणसांचे वेग मोजले, तर ते वायूच्या रेणूंच्या वेगांसारखे विखुरलेले निघाले. काही वेळा हीच गर्दी गोल फिरायला लागते, आणि ती बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. शास्त्र म्हणून छानच आहे. पण एक गोष्ट त्यात येत नाही. रेणू पडलेल्या रेणूला उचलत नाही. पिटमध्ये कोणी पडलं, की सगळ्यात जवळची दोन-तीन माणसं हात पसरून उभी राहतात आणि बाकीचे त्याला काखेत धरून उठवतात. एकाही गाण्यासाठी हा नियम शिथिल होत नाही.

बाकीचे नियमही साधेच आहेत. आदळायचं ते खांद्याने. मूठ किंवा कोपर चालवायचं नाही. कडेला उभा आहे त्याला आत ओढायचं नाही. कडेची माणसं भिंतीसारखी उभी राहून मागच्यांना वाचवतात, त्यांचंही ते काम आहे. कुणाचा चष्मा, बूट, फोन सापडला तर तो हात उंच करून दाखवायचा. स्टेजवरून उडी मारायची तर खाली झेलायला माणसं आहेत का ते बघून, आणि पाय वर ठेवून. बुटाची लाथ खालच्याच्या डोक्यात बसू शकते.

हे सगळं आपोआप होतं असं समजू नका. न्यूयॉर्कच्या सीबीजीबीमध्ये रविवारी दुपारी हार्डकोरचे मॅटिनी खेळ व्हायचे. मारामाऱ्या वाढत गेल्या आणि १९८०चं दशक संपता संपता ते खेळ बंद करावे लागले. मग काही मंडळींनी रिव्हिंग्टन स्ट्रीटवरच्या ‘एबीसी नो रिओ’मध्ये शनिवारची मॅटिनी सुरू केली आणि बँड आधीच पारखून घ्यायला लागले, द्वेष पसरवणाऱ्या बँडला तिथे जागा नाही. दुसरी गोष्ट मुलींची. पिट दांडगट होत गेला तशा मुली मागे, भिंतीला, मित्रांचे कोट सांभाळत उभ्या राहायला लागल्या. १९९०च्या दशकात ‘बिकिनी किल’च्या कॅथलीन हॅना यांनी स्टेजवरून सरळ मुलींना पुढे बोलवायला आणि मुलांना मागे सरकायला सांगायला सुरुवात केली. काही मुलगे भडकले. पण तोवर कोण कुठे उभं आहे, हे मोजलंच कोणी नव्हतं.

आणि खुद्द गिल्मन? भिंतीवर ‘मारामारी नाही’ असं लिहिलेल्या त्याच जागेत १९९४मध्ये ‘डेड केनेडीज’चे गायक जेलो बियाफ्रा यांना प्रेक्षकांतल्या काहींनी मारहाण केली. त्यांच्या पायाला मोठी दुखापत झाली. ‘विकला गेलास’ हा त्यांच्यावरचा आरोप. भिंतीवरचा नियम स्वतःहून खाली उतरून कोणाला वाचवत नाही. शेजारचा माणूस मध्ये पडला तर तो नियम. नाहीतर तो नुसता रंग.

आता बोळे. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेचा दंडक असा आहे : ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतील, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. छोट्या हॉलमध्ये हार्डकोरचा बँड १०० सहज ओलांडतो, आणि असे चार-पाच बँड! गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, तेव्हा फोमचे बोळे खिशात ठेवा, आणि एक जोड शेजाऱ्यासाठी. बुटाच्या नाड्या घट्ट बांधा. पाणी प्या. बाहेर पडायचं दार कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

हे संगीत फक्त तिकडचं आहे असंही नाही. मुंबईच्या ‘स्क्राइब’ने हार्डकोर वाजवताना आपल्या अल्बमचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’ ठेवलं, नंतरच्या अल्बमचं ‘हेल मोगॅम्बो’. ‘अंदाज अपना अपना’ आणि ‘मिस्टर इंडिया’ पाहिलेल्या श्रोत्याला वेगळं काही सांगायला नको. तेव्हा उद्या घरातली सतरा वर्षांची मुलगी अशा कार्यक्रमाला जाऊ का विचारील, तर गाण्यात शिव्या आहेत का, हा प्रश्न दुय्यम आहे. आत वयाची अट काय, गर्दी कोण सांभाळतं, मुली पुढे उभ्या असतात की मागे, आणि कोणी पडलं तर काय होतं, हे विचारा. जमलं तर तिच्याबरोबर जा आणि कडेला उभे राहा. कडेला उभ्या असणाऱ्यालाही तिथे काम असतं, हे आता तुम्हाला माहीत आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.