मावळच्या मातीतील आम्ल व अल्क

हरभऱ्याच्या शेतावरून पहाटे स्वच्छ फडके ओढून ते पिळावे आणि निघालेली 'आंब' बाटलीत भरून ठेवावी, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. पोटदुखीवर ती घरोघर दिली जात असे. ही आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरील लव जो आंबट रस स्रवते तो दवात मिसळून झालेले पाणी होय. त्यात मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. तेव्हा रसायनशास्त्र ज्यास आम्ल म्हणते तो पदार्थ शेतकऱ्यास प्रयोगशाळेचा उंबरठा न ओलांडताच ठाऊक झालेला आहे. चिंचेतील टार्टरिक, लिंबातील सायट्रिक, ताकातील लॅक्टिक ही त्याच घराण्यातील.

आम्लाचा प्रतिपक्षी तो अल्क. चुन्याची निवळी, पापडखार, लाकडाच्या राखेचे पाणी हे त्याचे नमुने. अल्क बोटांस बुळबुळीत लागतो व हळदीचा रंग पालटतो. हळदीच्या डागास साबण लागताच तो तांबडा होतो हे गृहिणींस सांगावयास नको. त्यावर लिंबू पिळले की पिवळा रंग परत येतो. कारण आम्ल व अल्क योग्य प्रमाणात एकत्र आले की दोघांचाही तिखटपणा जाऊन लवण आणि पाणी एवढेच उरते.

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो ज्या क्रियेवर चालला तीही याच जातीची. वाळूतील सिलिका ही आम्लस्वभावी. सोडा व चुना हे अल्कस्वभावी. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत त्यांचा संयोग होऊन काच बनते. गावाचे नाव ज्या धंद्याने देशभर गेले, त्याच्या मुळाशी हाच विरोधी स्वभावांचा संयोग होता, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

आम्लता मोजण्याचे माप कोपनहेगन येथील सोरेन्सन यांनी १९०९ साली दिले. त्यासच आपण 'सामू' म्हणतो. सात हा मध्य. खाली आम्ल, वर अल्क. मात्र हे आकडे पावशेर-अच्छेरासारखे सरळ चढत नाहीत. एका अंकाने सामू उतरला की आम्लता दसपट वाढते. पाच सामूची जमीन सहाच्या दसपट आणि सातच्या शंभरपट आम्ल असते. अहवालात साडेपाच व साडेसहा हे आकडे पाहून 'फरक एकाचाच' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

लोणावळ्याकडे वर्षास चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढे पाणी मातीतून उतरताना चुना व मॅग्नेशियम धुऊन नेते. मागे हायड्रोजन व ॲल्युमिनियम उरतात आणि माती आंबते. सामू साडेपाचाखाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळे आखूड होतात, आणि घातलेला स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी जखडला जातो. घाटाकडून पूर्वेस यावे तसा पाऊस घटतो, चुनखडी मातीतच राहते आणि सामू सातापलीकडे जातो.

मग घाटाखालच्या भाताचे एवढे वाईट का होत नाही? खाचरात पाणी तुंबले की मातीतील हवा संपते, लोहाचे रूप पालटते आणि त्या क्रियेत आम्लता खर्ची पडते. काही आठवड्यांत सामू सातच्या जवळ येतो. पाणी उतरले की मूळ आंबटपणा परततो. म्हणून इंद्रायणी उत्तम पिकलेल्या खाचरातच मागाहून पेरलेला हरभरा वा मसूर खुरटा राहू शकतो. त्याच्या मुळांवरील गाठींतील जंतूंस आम्ल मानवत नाही. राब भाजण्याच्या चालीतही राखेतील अल्क रोपवाटिकेची आम्लता थोडी मारतो. पालापाचोळा व शेण जाळण्याची ती किंमत आम्हांस मात्र जबर वाटते.

नीरेच्या खोऱ्याची कथा उलट आहे. १८८५ साली डावा कालवा सुरू झाला, उसास पाणी मुबलक मिळाले, आणि निचरा नसलेल्या जमिनी खारावत गेल्या. कृषिखात्याचे हॅरल्ड मॅन व तम्हाणे यांनी १९१० साली त्यांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. अशा खारावलेल्या जमिनींपैकी काही पुढे चोपण होतात. त्यांत सोडियम मातीच्या कणांस चिकटतो, सामू साडेआठावर जातो आणि जमीन पाणी पिईनाशी होते. तेथे जिप्सम घालतात. जिप्सम हे आम्ल नव्हे; त्यातील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो आणि ते लवण पाण्याबरोबर चरातून बाहेर जाते. चर नसेल तर जिप्समचा पैसा मातीत गेला.

आमच्या तालुक्यात नुकसान होते ते याच ठिकाणी. बारामतीकडील सोयऱ्याने जिप्समची तारीफ केली म्हणून लोणावळ्याच्या उतारावर तेच पसरणे, किंवा पवन मावळातल्या शेजाऱ्याने चुना घातला म्हणून पूर्वेकडील काळ्या रानात चुना ओतणे, यांत पदरचे जाते आणि पीकही जाते. 'जमीन खारट झाली' एवढ्या बोलण्यावर तर कोणतेच औषध घेऊ नये. खारट, चोपण व आंबट या तीन निराळ्या व्याधी आहेत.

तळेगावच्या हरितगृहांतील गुलाबास साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक असले की सामू चढतो, लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून ठिबकाच्या पाण्यात मोजून आम्ल मिसळतात. अशा वेळी आम्ल पाण्यात धारेने सोडावे. पाणी आम्लावर ओतल्यास ते उसळून डोळ्यांवर येते.

चुना द्यावयाचा तो पावसापूर्वी महिनाभर, मातीत मिसळून. सामू तोच असला तरी चिकण मातीस वाळूसर मातीहून अधिक चुना लागतो, तेव्हा प्रमाण तपासणीवरूनच ठरवावे. नमुन्यासाठी एकाच जातीच्या रानात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचे खड्डे घेऊन कडेची माती काढावी, एकत्र करून सावलीत वाळवावी व अर्धा किलो पाठवावी. झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि राब भाजलेल्या वाफ्यातील माती घेऊ नये. राखेने तेथील सामू वाढलेला असतो.