सूर्याच्याही पलीकडे धावलेली माणसं

चला, आज एक हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या. जुन्या कॅलेंडरची मागची बाजूही चालेल, पण कागद मोठा घ्या, कारण शून्यं पुष्कळ लागणार आहेत.

दिवस रविवार, २५ मे १९८६. ग्रिनिचच्या घड्याळात दुपारचे तीन, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर सुदानचा धावपटू ओमर खलिफा एक ज्योत पेटवतो आणि ८९ देशांत माणसं धावू लागतात. ही ज्योत आली कुठून? सुदानमधल्या एल मोवेलिहच्या मदत छावणीतून. तिथल्या निखाऱ्यांवर मशाल पेटवून खलिफा निघाला, युरोपातल्या शहरांमधून ती नाचवत अमेरिकेत पोचला. उपक्रमाचं नाव ‘स्पोर्ट एड’, शर्यतीचं नाव ‘रेस अगेन्स्ट टाइम’, म्हणजे काळाशी शर्यत. आफ्रिकेत दुष्काळानं मुलं मरत होती आणि दोनच दिवसांनी आफ्रिकेच्या संकटावर संयुक्त राष्ट्रांची खास बैठक भरणार होती. तिथे बसणाऱ्यांच्या कानावर पावलांचा आवाज जावा आणि मुलांसाठी पैसा उभा राहावा, म्हणून हे धावणं. माणशी अंतर १० किलोमीटर. धावा नाहीतर चाला.

आणि माणसं किती? जवळजवळ दोन कोटी!

दोन कोटी म्हणजे किती, ते आधी नीट बघू. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा, दारात लोंबकळणाऱ्यांसकट. तिच्यात पाच हजार माणसं धरा. या धावणाऱ्यांना अशा ४,००० लोकल लागतील. मुंबईत मध्य आणि पश्चिम मिळून दिवसाला तीन हजारांहून थोड्या जास्त फेऱ्या होतात. म्हणजे पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत एकूण एक लोकल खच्चून भरली, तरी लाखो माणसं फलाटावरच उरतात. नाहीतर असं करा, गुढीपाडव्याला सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसा. दर सेकंदाला एक माणूस तुमच्या दारावरून धावत जाऊ द्या, दिवसरात्र, अजिबात न थांबता. पावसाळा येईल आणि जाईल, गणपती बसतील आणि उठतील, दिवाळीचा फराळ संपेल, तुळशीचं लग्न लागेल, तरी रांग चालूच! २३१ दिवस लागतील ती संपायला.

आता पावलं मोजू. धावताना एक पाऊल एक मीटरचं धरलं, तर १० किलोमीटरला १०,००० पावलं. गुणिले दोन कोटी. झाली २०,००० कोटी पावलं. सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलात तर सहा हजार तीनशे वर्षं लागतील. मोहेंजोदडोची पहिली वीट रचली गेली त्याच्याही कितीतरी आधी मोजायला सुरुवात केली असती, तर आज कुठे शेवटचं पाऊल मोजून झालं असतं.

घाम? माणशी अर्धा लिटर धरा. एक कोटी लिटर! दहा हजार लिटरचे एक हजार टँकर भरून नुसता घाम. आणि ताकद? १० किलोमीटर धावायला साधारण ६०० कॅलरी जळतात, म्हणजे माणशी तीन भाकरी. दोन कोटी माणसांच्या सहा कोटी भाकरी. एकीवर एक रचल्या आणि एका भाकरीची जाडी अर्धा सेंटीमीटर धरली, तर चवड ३०० किलोमीटर उंच. मुंबई-पुणे जाऊन यायचं अंतर उभं करा. एव्हरेस्टवर एव्हरेस्ट, अशी चौतीस एव्हरेस्ट!

आणि आता अंतर. इथे जरा खुर्ची घट्ट धरा.

दोन कोटी माणसं, प्रत्येकी १० किलोमीटर. सगळ्यांचं मिळून २० कोटी किलोमीटर. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा, तर तेरा लाखांहून जास्त खेपा. आपल्या दख्खनच्या राणीला विचारू. तिचा रूळमार्ग १९२ किलोमीटर, रोज एकदा पुण्याहून मुंबई आणि परत. एकही सुट्टी न घेता तिला हे अंतर कापायला चौदाशे वर्षं लागतील. आज तिनं शेवटचा डबा फलाटाला लावायचा असेल, तर बदामीच्या चालुक्यांच्या काळातच तिची पहिली शिट्टी व्हायला हवी होती! पृथ्वीला फेरे मारायचे म्हटलं तर जवळजवळ पाच हजार फेरे. चंद्रावर जाऊन परत यायचं म्हटलं तर अडीचशेहून जास्त वेळा.

आणि सूर्य? सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. ही माणसं २० कोटी धावली. सूर्य गाठला, ओलांडला आणि त्याच्यापुढे आणखी पाच कोटी किलोमीटर गेली! हे २० कोटी किलोमीटर कापायला प्रकाशालासुद्धा अकरा मिनिटं लागतात, आणि प्रकाशाहून वेगवान काही नाही. ते अंतर शाळकरी पोरांनी, आजीआजोबांनी, दुकानं बंद करून आलेल्या दुकानदारांनी एका दिवसात, आपल्या पायांनी कापलं.

मराठी माणसाला या आकड्याची ओळख मात्र पटायला हवी. आठ लाख वारकरी आळंदीहून पंढरपूरला निघाले असं धरा. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. गुणाकार करा. २० कोटी! आपली वारी तेवढंच चालते, फक्त ती दोन-अडीच आठवडे चालते आणि दरवर्षी चालते. एकेकट्याचं चालणं लहानच, पण सगळ्यांनी एका दिशेनं चालायचं ठरवलं की आकाश तोकडं पडतं, हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

आता पैसे. जमले ३ कोटी ७० लाख डॉलर, युनिसेफ आणि बँड एड या मदत संस्थांच्या कामासाठी. त्या वेळच्या साडेबारा रुपयांच्या डॉलरनं सुमारे ४६ कोटी रुपये. त्या काळचा बंदा रुपया साधारण अडीच सेंटीमीटर रुंद होता. ४६ कोटी नाणी मुंबई-पुणे रस्त्यावर कडेला कडा लावून मांडत गेलात, तर जवळजवळ दोन मीटर रुंदीची पायवाट तयार होईल, गेटवेपासून शनिवारवाड्यापर्यंत, रुपयांची, मध्ये कुठेही खंड नाही!

आणि एकेकट्याचे किती? भागाकार करा. माणशी दोन डॉलरही नाहीत. २३ रुपये.

इथे मी पेन्सिल खाली ठेवतो, कारण या पैशासमोर उभा असलेला आकडाही तेवढाच प्रचंड होता. त्या वर्षांत युनिसेफ जगाला सांगत होतं की दर दिवशी सुमारे ४०,००० लहान मुलं मरतात. वानखेडे स्टेडियम काठोकाठ भरलं तरी तेहतीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. त्याहून जास्त मुलं, रोज! त्यातली कितीतरी साध्या जुलाबानं, अंगातलं पाणी संपून जात होती. आणि त्यावरचं औषध होतं मीठ, साखर आणि थोडे क्षार घातलेलं पाणी.

हे पाणी काय करतं, ते एका बंगाली डॉक्टरनं जगाला दाखवून दिलं होतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून वाटलं. शंभरातले तीस दगावत होते, ते चाराच्याही खाली आले. भारत सरकारनं २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. युनिसेफचे तेव्हाचे प्रमुख जेम्स ग्रँट या पाण्याची पुडी खिशात घेऊनच फिरत आणि राष्ट्रप्रमुखांसमोर ती काढून दाखवत.

ती पुडी माझ्या ओळखीची आहे. आमच्या धाकट्याला दीड वर्षाचा असताना एका रात्री जुलाब-उलट्या लागल्या. ओठ कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही. बायकोनं पाणी उकळून गार केलं, मोजून लिटरभर स्टीलच्या पातेल्यात घेतलं, पुडीचा कोपरा दातानं फाडला. मग चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमचा. रात्रभर तेवढाच आवाज, पातेल्याच्या काठाला चमचा लागल्याचा. पहाटे पोरानं शू केली आणि आम्ही दोघं दिवाळी असल्यासारखे हसलो.

आता पेन्सिल पुन्हा उचलू. स्पोर्ट एडचा पैसा अनेक कामांना लागला, पण हिशेबापुरता सगळा या पुड्यांत घालून बघू. एका पुडीला दहा सेंट धरा. ३७ कोटी पुड्या! एका पुडीचं एक लिटर पाणी, म्हणजे ३७ कोटी लिटर. आपल्या शेतातली वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर घ्या, काठोकाठ भरलेली. अशा हजाराहून जास्त विहिरी! गावात शंभर विहिरी असतील तर दहा गावांच्या सगळ्या विहिरी तुडुंब, आणि त्यांत जीव वाचवणारं पाणी.

पण मुलाला विहिरीनं पाजत नाहीत, चमच्यानं पाजतात. लिटरमध्ये लहान चमचे दोनशे. ३७ कोटी गुणिले दोनशे, झाले ७,४०० कोटी चमचे.

आता कागदाच्या वरच्या बाजूला जा. पावलं किती होती? २०,००० कोटी. खाली चमचे किती? ७,४०० कोटी. भागा.

जवळजवळ पावणेतीन!

सूर्याच्या पलीकडे गेलेलं ते अंतर, त्या हजारभर विहिरी, तो रुपयांचा रस्ता, सगळं आटून आटून एवढंच उरतं. लंडनमधल्या एखाद्या पोरानं टाकलेली तीन पावलं, आणि सुदानमधल्या एखाद्या पोराच्या ओठांशी एक चमचा. पुन्हा तीन पावलं, पुन्हा एक चमचा. १० किलोमीटरभर, दोन कोटी वेळा.

तुमच्या शाळेत, सोसायटीत, गावात अशी एखादी दौड निघाली आणि वाटलं, की माझ्या एकट्याच्या धावण्यानं काय होणार, तर उठून घरातल्या घरात तीन पावलं चाला. मोठ्यानं मोजा.

एक, दोन, तीन. चमचा.