तेलाचा कारखाना आणि जकातीची वेस

वाशीमकडून हिंगोलीकडे येताना कनेरगाव नाका लागतो. आज तिथे जकातीसाठी मालाची गाडी कोणी अडवत नाही. पण १९४८ पर्यंत हा सारा भाग दोन राज्यांच्या हद्दीवर होता. वाशीम वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली आणि हिंगोली निजामाच्या राज्यात. निजाम सरकारचे करोडगिरी खाते हद्द ओलांडणाऱ्या बहुतेक मालावर शेकडा पाच जकात घेई. (इथे जकात म्हणजे मालावरचा सरकारी कर, दीनी जकातीशी तिचा संबंध नाही.) तोच माल, तोच बैल, तीच गाडी, वेशीच्या अलीकडे एक हिशेब आणि पलीकडे दुसरा.

आजचे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘सेझ’ म्हणतात, ते याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की इथे हद्द दोन राज्यांत नसून देशाच्या आत कुंपण घालून आखलेली असते. त्या कुंपणाच्या आतली जागा सीमाशुल्काच्या हिशेबाने परदेश समजली जाते.

तेलशुद्धीकरणाचा कारखाना असा दर्जा का मागतो? त्याचा कच्चा माल बोटीने बाहेरून येतो आणि तयार पेट्रोल-डिझेल पुन्हा बोटीने बाहेर जाऊ शकते. मग मधल्या मधे जकात भरा, नंतर परताव्यासाठी अर्ज करा, तोवर भांडवल अडकवून ठेवा, हे कशाला? झोनमध्ये यंत्रे, लोखंड, कच्चे तेल असे कामासाठी लागणारे सारे शुल्काविना येते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण गुजरातेत जामनगरला आहे. रिलायन्सचा पहिला कारखाना तिथे १९९९ साली सुरू झाला. त्याच्या शेजारी झोनमध्ये दुसरा उभा राहिला आणि तो डिसेंबर २००८ मध्ये चालू झाला. त्याची आखलेली क्षमता दिवसाला ५ लाख ८० हजार पिंपे होती. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. भिंतीला भिंत लागून दोन कारखाने, पण कायद्याच्या नजरेत एक देशात आणि दुसरा जणू देशाबाहेर.

सवलती किती टिकतात, हेही पाहण्यासारखे आहे. २००५ च्या कायद्याने झोनमधील युनिटला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी आयकर सूट दिली. २०११ च्या अंदाजपत्रकाने त्यावर किमान पर्यायी कर बसवला आणि २०२० नंतर सुरू होणाऱ्या नव्या युनिटना ही सूट राहिली नाही. कच्च्या तेलावरचे पाच टक्के सीमाशुल्कही जून २०११ मध्ये सर्वांसाठीच काढले गेले, म्हणजे झोनचा तेवढा फायदा कमी झाला. उलट १ जुलै २०२२ रोजी सरकारने पेट्रोल, डिझेल व विमान इंधनाच्या निर्यातीवर जादा कर बसवला, तेव्हा काही दिवसांतच झोनमधील निर्यातीला त्यातून वगळण्यात आले. सारांश, दर्जा एकदा मिळाला तरी त्याची किंमत दर अंदाजपत्रकागणिक बदलते.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत असे झोन १९३४ च्या कायद्याने सुरू झाले आणि टेक्सास, लुईझियानातील अनेक तेल कारखान्यांनी तो दर्जा घेतला. आपल्याकडे दुबईला जाऊन आलेल्यांना जेबेल अलीचा मुक्त विभाग ठाऊक आहे. तो १९८५ चा. आशियातील पहिला निर्यात विभाग मात्र आपल्याच कांडल्याचा, १९६५ चा. मुंबईत तुर्भ्याला १९५४-५५ मध्ये परदेशी कंपन्यांचे दोन तेल कारखाने आले, तेही सरकारशी खास करार करूनच. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याचे आश्वासन त्यांत होते. तरी १९७४ आणि १९७६ मध्ये ते सरकारच्या मालकीचे झाले.

आता आपल्या उपयोगाचे. झोनमधले तेल पंपावर स्वस्त मिळेल, अशी आशा कोणी धरू नये. झोनमधून माल देशात आणला, की तो परदेशातून आल्यासारखाच समजून सीमाशुल्क घेतले जाते.

पण झोनला माल पुरवणाऱ्याला वाव आहे. झोनमधील युनिटला तिच्या मंजूर कामासाठी दिलेला माल जीएसटी कायद्यात शून्य दराचा धरला जातो. नागपूरच्या मिहानमध्ये किंवा मुंबईच्या सीप्झमध्ये लोखंडी जाळ्या, लाकडी खोकी, कामगारांचे गणवेश पुरवायचे असतील, तर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, हा पुरवठा राज्यातल्या राज्यात असला तरी आंतरराज्य समजला जातो. म्हणून कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला तो करता येत नाही आणि चाळीस लाखांच्या उलाढालीची मर्यादाही, ठराविक हस्तकला वगळता, आड घेता येत नाही, नोंदणी हवीच. दुसरी, दर आर्थिक वर्षी हमीपत्र (आरएफडी-११) भरले की कर न लावता बिल करता येते. तिसरी, माल पोहोचल्याची झोनच्या अधिकाऱ्याची नोंद बिलावर घ्यावी. ती नसेल तर लोखंड-कापडावर आधी भरलेल्या कराचा परतावा अडकतो. दोन टक्के नफ्यावर काम करणाऱ्या कारागिराचे सारे भांडवल एवढ्या एका शिक्क्यासाठी बुडू शकते.

शेवटची बाब जमिनीची. कुंपण घालायला जागा लागते. रायगडमधील पेण तालुक्यात सप्टेंबर २००८ मध्ये २२ गावांच्या शेतकऱ्यांचे झोनबाबत मत घेण्यात आले. तो झोन पुढे झाला नाही. रत्नागिरीत नाणारच्या नियोजित तेल कारखान्याचे भूसंपादनही विरोधामुळे २०१९ मध्ये रद्द झाले. कारखानदार सवलत मागतो ती सरकारकडे. पण जागा सोडतो तो शेतकरी आणि बुडालेला महसूल भरून काढतो तो सामान्य करदाता.

तेव्हा उद्या आपल्या भागात असा कुठला झोन येतो आहे असे ऐकले, तर व्यापारी बांधवांनी आधी विचारावे: आत काय येणार, बाहेर काय जाणार आणि वेशीवर आपला माल कोणत्या कागदावर आत घेतला जाणार? करोडगिरीच्या काळातही कागद नसलेली गाडीच नाक्यावर अडकून पडत असे.