हृदयातील व्रण आणि जेलचे इंजेक्शन

शिर, हृदय व बस्ती ही आपली त्रिमर्मे. त्यांपैकी हृदयाविषयी शिरूर व दौंड परिसरातील रुग्ण आम्हांस अलीकडे एक प्रश्न विचारतात : ‘झटका येऊन गेलेले हृदय इंजेक्शनने पुन्हा भरून येते म्हणतात, ते खरे का?’ आपल्याकडेही अशी विचारणा होत असेल. म्हणून हा खुलासा.

हृदयधमनी बंद पडली की साधारण अर्ध्या तासापासून स्नायुपेशी मृत होऊ लागतात. त्यांच्या जागी व्रणवस्तू तयार होते. तिला आकुंचन नाही. भिंत पातळ होते, कप्पा फुगतो आणि त्यामुळे भिंतीवरील ताण आणखी वाढतो. हे दुष्टचक्र थांबविण्यासाठी भिंतीत जेल टोचण्याची कल्पना पुढे आली.

यातील एक प्रमुख द्रव्य म्हणजे तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट. औषधविक्रेत्यांना ते परिचित आहे. आम्लपित्तावरील काही पातळ औषधांत ते असते. कॅल्शियमच्या सान्निध्यात ते घट्ट होते व भिंतीस आधार देते.

सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७८ रुग्णांच्या चाचणीत असे जेल घेतलेल्यांची श्रमक्षमता सुधारली. मात्र त्यासाठी छातीची शस्त्रक्रिया करावी लागली. धमनीमार्गे अल्जिनेट देण्याच्या ३०३ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत कप्प्याचे फुगणे थांबले नाही. डुकराच्या हृदयस्नायूतील पेशी काढून केलेले जेल अमेरिकेत १५ रुग्णांना देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ती चाचणी प्रामुख्याने सुरक्षिततेची होती.

तात्पर्य, हा टेकू आहे, नवा स्नायू नव्हे. आणि तोही प्रायोगिक अवस्थेतच आहे. गेलेला स्नायू अर्जुनसालीनेही परत येत नाही. तसे आश्वासन आपण कोणासही देऊ नये, तसेच हृदयरोगतज्ज्ञांची चालू औषधे बंद करावयास सांगू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या दुकानाच्या फळीवरच घडते. छातीत जळजळते म्हणून रुग्ण आम्लपित्ताची बाटली मागतो. सोबत घाम, दम, डाव्या हातात वा जबड्यात कळ असेल, तर बाटली देऊन त्यास घरी पाठवू नये. मधुमेही व वृद्धांत लक्षणे याहूनही अस्पष्ट असतात. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयास कळवावे. शिरूर वा दौंडहून पुणे गाठण्यात जाणारा वेळ आपल्या हाती नाही. आपल्या दारात जाणारा वेळ मात्र आपण निश्चित वाचवू शकतो.