चालकांची नव्हे, कंपन्यांची शर्यत!

इस्लामपूरच्या गाडीवेड्या मंडळींनो, आज एका वेगळ्या मालिकेबद्दल सांगतो. 1971 मध्ये ऑस्ट्रेलियात 'मॅन्युफॅक्चरर्स चॅम्पियनशिप' सुरू झाली. यात गुण मिळायचे ते चालकाला नाही, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीला. म्हणून फोर्ड आणि होल्डन अक्षरशः जिद्दीला पेटायचे. गाड्या शोरूमसारख्याच दिसायच्या आणि मालिकेत उतरवायचं मॉडेल ग्राहकांनाही विकावं लागायचं. अशाच नियमांमुळे फोर्डची फाल्कन जीटीएचओ, होल्डनची तोराना एक्सयू-1 अशा भन्नाट गाड्या रस्त्यावर आल्या.

हंगामातली सगळ्यात मोठी कसोटी म्हणजे बॅथर्स्ट. डोंगरावरचा सुमारे 6.2 किमीचा ट्रॅक आणि तब्बल 174 मीटरचा चढउतार! 1973 मध्ये ही शर्यत 500 मैलांवरून 1000 किमी झाली. म्हणजे इस्लामपूरहून मुंबई, परत इस्लामपूर आणि पुन्हा मुंबई, तेही पूर्ण वेगात. त्याआधी 1971 ला ॲलन मॉफट आणि 1972 ला पीटर ब्रॉक एकट्याने गाडी चालवून जिंकले होते. 1973 पासून मात्र दोन चालक सक्तीचे झाले.

त्याच वर्षी ब्रॉकचा जोडीदार डग शिव्हास तोराना घेऊन एक फेरी जास्त ट्रॅकवर राहिला आणि पेट्रोल संपलं. पिटच्या चढावर तो एकटाच गाडी ढकलत होता, सहकाऱ्यांना हात लावायची मुभा नव्हती! मॉफट आणि इयन गेओगन फाल्कनमधून जिंकले, तोराना दुसरी आली.

माझ्या मते सहनशक्तीच्या शर्यतीत वेगाइतकंच पेट्रोलचं गणित महत्त्वाचं. जुनं चित्रीकरण मिळालं तर जरूर बघा आणि तुमची बाजू सांगा: फोर्ड की होल्डन?