परसोजी भोसले (नागपूरकर) खून प्रकरण

परसोजी भोसले खून प्रकरण ही नागपूरच्या भोसले राजघराण्यात १८१७ साली घडलेली घटना आहे. दुसऱ्या रघुजीचा मुलगा आणि नागपूरचा राजा परसोजी हा १ फेब्रुवारी १८१७ रोजी राजवाड्यात अंथरुणावर मृत आढळला. त्या वेळी हा मृत्यू नैसर्गिक मानला गेला. सुमारे एक वर्षानंतर, ईस्ट इंडिया कंपनीचे भोसल्यांशी युद्ध होऊन गेल्यावर, हा खून होता आणि तो परसोजीचा चुलतभाऊ अप्पासाहेब (दुसरा मुधोजी) याने करविला, असा आरोप नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने ठेवला. अप्पासाहेबास पदच्युत करण्याच्या कारणांत हा आरोप प्रमुख होता. मात्र त्याविषयी खटला कधीच चालला नाही.

राज्य आणि घराणे

आजचा वर्धा जिल्हा त्या काळी नागपूर राज्याचा पश्चिमेकडील भाग होता. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील पराभवानंतर डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला. त्यानुसार कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड दुसऱ्या रघुजीला सोडावा लागला आणि ही नदीच राज्याची सीमा ठरली. इतके गमावूनही कंपनीची तैनाती फौज रघुजीने हयातीत स्वीकारली नाही. हा नकार पुढील घटना समजून घेताना लक्षात ठेवावा लागतो.

भोसले घराण्यात सत्तेसाठी रक्त सांडण्याची ही पहिली वेळ नव्हती. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारल्यावर त्याचे भाऊ मुधोजी आणि साबाजी यांच्यात तंटा लागला. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगाव येथील लढाईत मुधोजीच्या हातून साबाजी मारला गेला. जानोजीने दत्तक घेतलेला मुधोजीचा मुलगा म्हणजेच दुसरा रघुजी. अर्थात पाचगावचा वध उघड्या रणांगणावर, दोन्ही सैन्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता. परसोजीचा मृत्यू बंद दाराआड झाला.

राण्या, सावत्र आई आणि धर्माजी

त्या काळच्या इतर मराठा राजघराण्यांप्रमाणे भोसल्यांच्या वाड्यातही एकाहून अधिक राण्या असत आणि त्यांखेरीज नाटकशाळाही असत. हिंदूंमधील बहुपत्नीत्वास कायद्याने देशभर बंदी आली ती थेट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. अशा घराण्यांत वारसांची संख्या वाढते आणि भावाभावांत कलह माजतो, ही सर्वपरिचित गोष्ट आहे. तुर्कस्तानच्या उस्मानी घराण्यातील तिसऱ्या मेहमदने १५९५ मध्ये गादीवर येताच आपल्या एकोणीस भावांना ठार करविले होते.

नागपुरात मात्र याच्या नेमके उलट घडले. राण्या अनेक असूनही रघुजीच्या मागे औरस मुलगा एकच उरला, आणि तोही राज्य करण्यास असमर्थ. परसोजी वयाने प्रौढ असला तरी दृष्टिहीन, शरीराने अपंग आणि बुद्धीने दुर्बळ होता. गादी कोणाची, याबद्दल प्रश्न नव्हता. गादीवरच्या माणसाचा हात कोणाच्या हातात राहावा, हा प्रश्न होता. त्या हातासाठी घराण्याच्या तिन्ही शाखांनी धाव घेतली.

पहिली बाकाबाई. ही रघुजीची आवडती राणी आणि परसोजीची सावत्र आई. कारभाराची तिला जाण होती, पण तिचे वजन सर्वस्वी सावत्र मुलाच्या जिवावर अवलंबून होते. दुसरा धर्माजी भोसले. हा रघुजीचा अनौरस मुलगा. त्याला स्वतःला गादी मिळणे शक्य नव्हते, परंतु खजिना आणि वाडा यांवर त्याची पकड होती व तो बाकाबाईच्या पक्षाचा आधार होता. तिसरा अप्पासाहेब. रघुजीचा धाकटा भाऊ व्यंकोजी याचा हा मुलगा. व्यंकोजी १८११ मध्ये वारला, आणि त्यानंतर चुलत्या-पुतण्यांत जहागिरीवरून वाकडे आले. परसोजीला मूल नसल्याने सर्वांत जवळचा पुरुष वारस अप्पासाहेबच होता.

२२ मार्च १८१६ रोजी रघुजी वारला. बाकाबाई आणि धर्माजी यांनी कारभार आपल्याकडे ठेवण्याचा प्रयत्न केला, पण तो महिनाभरही टिकला नाही. एप्रिलमध्ये अप्पासाहेबाने धर्माजीला कैद केले, परसोजीला रीतसर गादीवर बसविले आणि स्वतः मुखत्यार झाला. मे महिन्यात धर्माजी कैदेतच मारला गेला. परसोजीच्या मृत्यूची चर्चा नेहमी होते, या पहिल्या खुनाची फारशी होत नाही. वास्तविक पुढच्या संशयाचे मूळ येथेच आहे.

दरबारात आपला पक्ष कच्चा आहे, हे ओळखून अप्पासाहेबाने जेंकिन्सशी गुप्त बोलणी केली. २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह झाला. रघुजीने तेरा वर्षे जे टाळले, ते त्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत घडले.

१ फेब्रुवारी १८१७

जानेवारी १८१७ मध्ये अप्पासाहेब नागपूर सोडून चांद्यास (आजचे चंद्रपूर) गेला. तो तेथे असतानाच १ फेब्रुवारीच्या सकाळी परसोजी मृत आढळला. प्रकृती पूर्वीपासूनच खालावलेली असल्याने मृत्यूचे आश्चर्य वाटावे असे नव्हते, तरी शहरात कुजबूज झाली. रेसिडेन्सीने त्या वेळी वारसाहक्कास हरकत घेतली नाही आणि अप्पासाहेब राजा झाला. नंतरच्या इंग्रजी वृत्तांतांत गळा आवळून मारल्याचे म्हटले आहे. काही लेखनात विषप्रयोगाचाही उल्लेख येतो.

सर्व सत्ता हाती असताना अप्पासाहेबाला असे कृत्य करण्याची गरज काय होती, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर दत्तकविधानात आहे. मुखत्यारी ही काढून घेता येण्यासारखी गोष्ट होती. बाकाबाईच्या पक्षाने जोर धरून परसोजीच्या मांडीवर एखादा मुलगा दत्तक दिला असता, तर अप्पासाहेबाचा वारसा तत्क्षणी संपला असता. राजाच्या मृत्यूने बाकाबाईचे केवळ नुकसान होणार होते; लाभ एकट्या अप्पासाहेबाचा होता.

सीताबर्डीनंतर

पुण्याच्या दुसऱ्या बाजीरावाने कंपनीविरुद्ध शस्त्र उचलल्यावर अप्पासाहेबही त्याला मिळाला. पेशव्याकडून आलेली सेनासाहेब सुभ्याची वस्त्रे त्याने नोव्हेंबर १८१७ मध्ये समारंभपूर्वक स्वीकारली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. संख्येने कितीतरी कमी असलेल्या कंपनीच्या फौजेने ती जिंकली. १६ डिसेंबरला अप्पासाहेब रेसिडेन्सीत स्वाधीन झाला.

जानेवारी १८१८ मध्ये त्याला गादीवर ठेवून तात्पुरता करार करण्यात आला आणि सागर-नर्मदा प्रदेश कंपनीकडे गेला. म्हणजे मुलूख मिळविण्यासाठी खुनाच्या आरोपाची आवश्यकता पडली नव्हती. ती पडली पुढच्या पायरीवर. अप्पासाहेब पेशव्याशी पुन्हा संधान बांधत असल्याचा संशय आल्यावर जेंकिन्सने १५ मार्च १८१८ रोजी त्याला अटक केली, आणि त्याच सुमारास परसोजीच्या खुनाचा पुरावा हाती आल्याचे कलकत्त्यास कळविले. राजकीय विश्वासघाताला आता घरातल्या हत्येची जोड मिळाली.

अप्पासाहेबाला प्रयागकडे रवाना करण्यात आले. वाटेत १३ मे रोजी पहारेकऱ्यांना फितवून तो शिपायाच्या वेषात निसटला. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्याला आश्रय दिला. तेथून अशीरगड, पुढे पंजाब आणि शेवटी जोधपूर असा त्याचा प्रवास झाला. १८४० मध्ये तो जोधपूर येथे मरण पावला.

आरोपाचे मूल्यमापन

या प्रकरणी आरोप करणारा, पुरावा गोळा करणारा आणि निर्णय घेणारा पक्ष एकच होता. आरोपीला उत्तर देण्याची संधी मिळाली नाही. जेंकिन्सचा नागपूर राज्यावरील अहवाल १८२७ मध्ये कलकत्त्यास छापला गेला आणि नंतरचे बहुतेक लेखन त्याच्या वाटेनेच गेले. काशीराव राजेश्वर गुप्ते याची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ मराठीत असली, तरी तीही जेंकिन्सच्याच सांगण्यावरून लिहिलेली आहे. त्यामुळे मराठी साधन म्हणून तिला स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही.

याचा अर्थ अप्पासाहेब निर्दोष होता असा नव्हे. धर्माजीचा अंत, परसोजीच्या मृत्यूने झालेला थेट लाभ आणि ऐन वेळी राजधानीपासून दूर असणे, या तिन्ही गोष्टी त्याच्याविरुद्ध जातात. दूर असणे हा निर्दोषत्वाचा पुरावा ठरण्याऐवजी संशयाचेच कारण ठरले, कारण वाड्यातील पहारा त्याच्याच माणसांचा होता. परंतु फेब्रुवारी १८१७ मध्ये, तैनाती फौजेचा तह करून देणारा राजा गादीवर येत असताना, रेसिडेन्सीला जी कुजबूज पुरेशी वाटली नाही, ती मार्च १८१८ मध्ये पुरेशी वाटली, हेही तितकेच खरे. आरोप खरा असणे आणि तो सोयीचा असणे या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. अभ्यासकाने त्या वेगवेगळ्या तपासाव्यात.

दत्तक आणि नंतर

अप्पासाहेबाला ज्याची धास्ती होती, तेच अखेर घडले. जून १८१८ मध्ये परसोजीची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर रघुजीची मुलगी बनूबाई हिचा लहान मुलगा बाजीबा दत्तक देण्यात आला आणि तो तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसला. गादी मृत परसोजीच्या नावाने पुढे चालली. वाड्याची आणि अल्पवयीन राजाची देखरेख बाकाबाईकडे आली, तर राज्याचा कारभार जेंकिन्सने आपल्या हाती ठेवला.

तिसरा रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्रावाचून वारला. या वेळी मात्र दत्तकाचा मार्ग कंपनीने मानला नाही आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. वृद्ध बाकाबाईने त्याविरुद्ध दाद मागितली, ती व्यर्थ गेली. १८५७ च्या उठावात तिने नागपुरातील आपल्या माणसांना शांत राखले; १८५८ मध्ये ती निवर्तली. चार वर्षांनी, १८६२ मध्ये, जुन्या राज्याचा वर्धा नदीकाठचा मुलूख नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून त्याचा वर्धा जिल्हा करण्यात आला.